पोटातल्या वजनाची करामत

जमिनीवर पाट ठेवावा, त्याच्या एका बाजूखाली जाडसं पुस्तक सरकवावं आणि वरच्या कडेवर ‘मायटी बीन्झ’मधला एक बीन उताराच्या दिशेने ठेवून सोडून द्यावा. इंचभर लांबीचं, औषधाच्या कॅप्सूलसारखं दोन्ही टोकांना गोल असलेलं हे प्लास्टिकचं खेळणं क्षणभर निपचित पडून राहतं. मग त्याच्या पोटात काहीतरी घरंगळल्याचा बारीक आवाज येतो. ‘टक’. खालचं टोक जागेवर थबकतं, मागचं टोक हवेत उचललं जातं, डोक्यावरून पुढे येऊन पाटावर आपटतं. पुन्हा घरंगळणं, पुन्हा ‘टक’, पुन्हा कोलांटी. पाटाच्या खालच्या कडेपर्यंत हाच क्रम चालतो. किल्ली नाही, स्प्रिंग नाही, बॅटरी नाही. तरी बघणाऱ्याला वाटतं, की हा जीव दर पावलाला थांबून विचार करतोय आणि मगच पुढची उडी घेतोय.

या बीनवर डोळे, तोंड, टोपी, मिशा असं काहीतरी रंगवलेलं असतं आणि प्रत्येकाला नाव व क्रमांक असतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या ‘मूस’ या कंपनीने नव्या सहस्रकाच्या पहिल्या काही वर्षांत ते बाजारात आणले. कंपनी तेव्हा लहान होती. २००० साली ती मॅनी स्टल यांनी विकत घेतली होती. स्टल यांचे आईवडील पोलंडचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत त्यांचा जन्म झाला आणि लहानपणीच ते ऑस्ट्रेलियात आले. मायटी बीन्झ हे त्यांच्या हाताखाली आलेलं पहिलं मोठं यश. पुढे ‘शॉपकिन्स’सारख्या खेळण्यांमुळे कंपनी जगभर पोचली आणि २०१६ साली स्टल यांना ‘अर्न्स्ट अँड यंग’चा जागतिक उद्योजकाचा सन्मान मिळाला. बीन मात्र मध्येच बाजारातून गायब होत आणि काही वर्षांनी नव्या रंगात परत येत. २०१८ मध्ये ते असेच पुन्हा आले.

जमवण्याचं वेड लावायची युक्ती जुनीच होती. काही बीन सर्रास मिळणारे, काही दुर्मिळ, काही अतिदुर्मिळ. शाळेच्या मैदानावर अदलाबदल, शर्यतीसाठी वळणावळणाचे प्लास्टिकचे मार्ग, ठेवायला खास डबे. काडेपेट्यांचे छाप किंवा क्रिकेटपटूंची चित्रं जमवत मोठ्या झालेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की छाप वहीत चिकटला की त्याचं काम संपतं आणि बीन डब्यात राहिला तर तो अर्धाच राहतो. त्याला उतार लागतो. दुर्मिळ बीन आणि सर्रास मिळणारा बीन, दोघांच्या पोटात तोच छर्रा असतो आणि दोघं सारखीच कोलांटी मारतात. संग्राहक पैसे मोजतात ते वरच्या रंगाला. खेळण्याची खरी किंमत मात्र आतल्या छर्ऱ्यात आहे, आणि त्या छर्ऱ्याकडे पुरेसं लक्ष कुणी देत नाही.

बीन फोडला तर आत सापडतो तो फक्त पोलादाचा एक गुळगुळीत गोळा. सायकलच्या दुकानात ज्याला छर्रा म्हणतात तोच, जरा मोठा. तो आत कशालाही चिकटवलेला नसतो. कवचाच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित लहान असल्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो मोकळा घरंगळतो. बाकी कवच रिकामं.

या दोन भागांच्या वजनात फार मोठी तफावत आहे आणि सगळा खेळ तिथेच सुरू होतो. पोलाद पाण्याच्या पावणेआठपट जड, प्लास्टिक साधारण पाण्याइतकंच. हिशेबासाठी २५ मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड कवच धरू. त्याच्या भिंती १ मिलिमीटरच्या आणि आतला छर्रा १२ मिलिमीटर व्यासाचा. छर्ऱ्याचं वजन भरतं सुमारे ७ ग्रॅम आणि अख्ख्या कवचाचं जेमतेम सव्वा ग्रॅम. म्हणजे डोळ्यांना जो बीन दिसतो, तो वजनाच्या हिशेबात बीनचा सहावा-सातवा हिस्साही नाही. डोळे कवचाकडे बघतात आणि गुरुत्वाकर्षण छर्ऱ्याकडे.

आता उतारावर काय होतं ते सावकाश पाहू. बीन ठेवला तेव्हा छर्रा वरच्या टोकाशी आहे. तो खाली घरंगळू लागतो. कवच मात्र आपल्या लांबीवर आडवं पडलेलं असतं. त्याचा पाटाशी संपर्क लांबट असतो आणि घर्षण त्याला धरून ठेवतं, म्हणून ते हलत नाही. निपचित पडून राहण्याचा क्षण तो हाच. छर्रा खालच्या टोकाच्या गोलाईवर आदळतो, ‘टक’ असा आवाज होतो आणि आता बीनचं जवळजवळ सगळं वजन खालच्या टोकात जमा झालेलं असतं. छर्ऱ्याला अजून पुढे जायचंय. तो पुढच्या भिंतीला ढकलतो, पण कवच खालून घर्षणाने अडलेलं आहे. सरकता येत नाही म्हटल्यावर ते त्या गोल टोकावर गडगडू लागतं आणि रिकामी, हलकी शेपटी वर उचलली जाते.

यात आणखी एक बारकी गोष्ट मदतीला येते. छर्रा घसरत येत नाही, फिरत येतो. पुढे घरंगळणाऱ्या गोळ्याची पुढची बाजू नेहमी वरून खाली फिरत असते. तो टोकाच्या भिंतीला भिडतो तेव्हा आपल्या फिरण्याने ती भिंत खालच्या दिशेला ओढतो. पुढचं टोक खाली दाबलं गेलं की मागचं वर येणारच. म्हणजे धडक आणि फिरकी, दोन्ही बीनला एकाच दिशेने पलटी मारायला लावतात.

पण एवढ्या जड छर्ऱ्याला घेऊन हे इवलंसं कवच कोलांटी मारतं तरी कसं? या खेळण्यातली सर्वांत सुंदर गोष्ट इथे आहे. छर्ऱ्याला उचलावंच लागत नाही. कवचाचं टोक अर्धगोल आहे. अर्धगोल टोकावर गडगडताना त्या गोलाईचा केंद्रबिंदू पाटापासून कायम तेवढ्याच अंतरावर राहतो. छर्रा त्या गोलाईच्या तळाशी मोकळा बसलेला असल्यामुळे कवच त्याच्याभोवती फिरून जातं आणि त्याची पाटापासूनची उंची तसूभरही बदलत नाही. उचलायचं असतं ते फक्त सव्वा ग्रॅमचं कवच, तेही त्याचा मध्य साडेचार मिलिमीटर वर जाईल इतकंच. टोकं चौकोनी असती, तर छर्ऱ्यालाही कडेवरून उचलून पलीकडे टाकावं लागलं असतं आणि पहिल्याच पलटीला खेळ बंद पडला असता.

एका कोलांटीत बीन किती पुढे जातो, तेही मोजता येतं. अर्धगोल टोकावरून होणारं अर्ध्या फेरीचं गडगडणं आणि दोन गोलायांमधल्या सरळ भागाची लांबी, या दोहोंची बेरीज. वरच्या मापाच्या बीनसाठी ते अंतर २५ अधिक ९, म्हणजे सुमारे ३४ मिलिमीटर होतं. पाट १५ अंशांनी तिरका असेल, तर तेवढ्या अंतरात बीन जवळपास ९ मिलिमीटर खाली उतरतो. एवढ्या उतरणीतून अख्ख्या बीनला जी ऊर्जा मिळते, ती शेपटी उचलायला लागणाऱ्या ऊर्जेच्या दहापटीहून जास्त आहे. मग उरलेली जाते कुठे? मुख्यतः त्या ‘टक’मध्ये. प्रत्येक धडकेत आणि शेपटी पाटावर आपटण्यात ऊर्जा खर्ची पडते. म्हणूनच साधी गोटी उतारावर क्षणाक्षणाला वेग घेत जाते आणि बीन सौम्य उतारावर एकाच ठेक्यात उतरतो. थांबून थांबून चालण्याची त्याची ऐट ही त्याने दर पावलाला चुकवलेल्या ऊर्जेची आहे.

उतार फार केला, की ही ऐट जाते. पलट्या एकमेकींत मिसळतात आणि बीन नुसता उड्या मारत सुटतो. काचेवर ठेवला तर उलटंच. घर्षण अपुरं पडल्यामुळे टोक अडत नाही आणि सगळा बीन पोटातल्या छर्ऱ्यासकट घसरत खाली येतो. ज्या घर्षणाला शाळेच्या पुस्तकात गतीचा शत्रू ठरवलेलं असतं, त्याच्यावाचून इथे गतीच होत नाही.

पोटात हलतं वजन ठेवून कोलांट्या मारणाऱ्या खेळण्यांचा वंश बीनपेक्षा बराच जुना आहे. अठराव्या शतकात युरोपात चिनी बनावटीच्या कसरतपटू बाहुल्यांचं मोठं अप्रूप होतं. पायऱ्यांच्या छोट्या चौथऱ्यावर त्यातली एक ठेवली, की ती एकेका पायरीवर उलटी-सुलटी होत आपली आपण खाली उतरे. ‘लेडन जार’मुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ज्या लायडन शहराचं नाव माहीत असतं, तिथल्या पीटर व्हान मुशेनब्रुक यांच्या, त्यांच्या मृत्यूनंतर १७६२ साली निघालेल्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथात या बाहुल्यांचं वर्णन आहे. त्यांच्या पोकळ अंगात पारा भरलेला असे. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड आणि शिवाय वाहता. अंगातल्या पोकळीतून तो एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहत गेला, की बाहुलीचा तोल बदले आणि ती हात टेकून उलटी होई. छर्रा एका झटक्यात टोकाला पोचतो, तर पाऱ्याला वाहत जायला वेळ लागतो. त्यामुळे या बाहुल्यांच्या कोलांट्यांना माणसासारखी संथ लय होती. पाऱ्याची वाफ विषारी असते, म्हणून असं खेळणं आज मुलांच्या हाती देणं शक्यच नाही.

पाऱ्याची जागा पोलादी गोळ्याने घ्यायची तर तो गोळा स्वस्त आणि अगदी गोल हवा. ते सायकलमुळे झालं. १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी गोळे एकसारख्या मापाचे आणि नेमके गोल घासून काढणारं यंत्र तयार केलं. सायकलीच्या चाकांना बेअरिंग हवीच होती. त्या लाटेत छर्रे लाखांनी बनू लागले आणि पुढे ते इतके स्वस्त झाले, की कागदी कवचात किंवा पातळ पत्र्यात एकेक टाकून चार-दोन पैशांची खेळणी विकणं परवडू लागलं. मायटी बीन्झ त्याच ओळीतले.

बीन हे नाव ज्यावरून आलं, त्या उड्या मारणाऱ्या ‘मेक्सिकन बिया’ मात्र मनुष्यनिर्मित नाहीत आणि खरं तर कडधान्यही नाहीत. मेक्सिकोच्या वायव्येकडच्या सोनोरा भागात एरंडाच्या कुळातलं एक झुडूप वाढतं. एक बारका पतंग त्याच्या फुलोऱ्यावर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी कोवळ्या फळात शिरते आणि आतली बी खाऊन ते पोकळ करते. फळ वाळून तडकलं, की त्याच्या फोडी जमिनीवर पडतात आणि ज्यांच्या आत अळी असते त्या उडू लागतात. अळी आतल्या भिंतीला रेशमाचं अस्तर लावते, त्याला पायांनी घट्ट धरते आणि अंगाला झटका देते. उन्हाने फळ तापलं, की झटके वाढतात, कारण उन्हात राहिली तर ती वाळून मरेल. सोनोरातलं आलामोस हे गाव या बियांसाठी प्रसिद्ध आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथली मुलं-माणसं त्या वेचून विकत आली आहेत.

अळीला बाहेरचं काही दिसत नाही. सावली कुठे आहे हे तिला कळणार कसं? अमेरिकेतल्या सिॲटल विद्यापीठातल्या संशोधकांनी या बियांच्या हालचाली टिपून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडला, की त्या कुठलीच दिशा धरत नाहीत. प्रत्येक उडी आधीच्या उडीशी संबंध नसलेल्या दिशेला जाते. एकच दिशा धरली असती, तर सावली जवळ असताना ती लवकर सापडली असती, पण दिशा चुकली तर कधीच सापडली नसती. भरकटत राहण्याने वेळ जास्त लागतो, मात्र सावली गाठण्याची शक्यता वाढते. प्लास्टिकच्या बीनला उतार दिशा दाखवतो. या बीला ती दाखवणारं कुणी नाही, आणि तरी ती वाट काढते.

आता या घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे वळू. छर्रा मोकळा सोडण्याऐवजी तळाशी पक्का बसवला, तर कोलांट्या मारणारं खेळणं क्षणात पडायचं नाकारणारं खेळणं होतं.

जपानच्या फुकुशिमा प्रांतातल्या आइझू भागात बोटाच्या दोन पेरांएवढ्या कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या मिळतात. ‘ओकिआगारी-कोबोशी’ असं त्यांचं नाव. तळाशी वजन, वर लाल-पांढरा रंग, दोन-चार फराट्यांत काढलेला चेहरा. १० जानेवारीच्या बाजारात लोक त्या घ्यायला गर्दी करतात. मूठभर बाहुल्या उचलून फळीवर टाकायच्या आणि ज्या झटकन उभ्या राहतील त्याच घरी न्यायच्या, ही तिथली पारख. घरात जेवढी माणसं तेवढ्या आणि वर एक जास्त घ्यायची. ती जास्तीची घराची भरभराट व्हावी म्हणून. हीसुद्धा एक प्रकारची संग्रहवृत्तीच, फक्त इथे दुर्मिळ बाहुलीपेक्षा न पडणारी बाहुली मोलाची. गुन्मा प्रांतातल्या ताकासाकीचा लाल ‘दारुमा’ हा याच जातीचा थोरला भाऊ. तो बोधिधर्माचं रूप आहे आणि बोधिधर्म दक्षिण भारतातून चीनला गेले अशी परंपरा आहे. दारुमा घरी आणला की मनात इच्छा धरून त्याचा एक डोळा रंगवतात आणि इच्छा पुरी झाली की दुसरा.

दक्षिण भारतातच अशा बाहुलीचं एक नामांकित गाव आहे आणि मराठी माणसाचा त्या गावाशी जुना संबंध आहे. व्यंकोजी भोसल्यांपासून १८५५ पर्यंत, पावणेदोनशेहून अधिक वर्षं, तंजावरवर मराठ्यांचं राज्य होतं. सरफोजी राजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आजही तिथे उभं आहे आणि घरात मराठी बोलणारी कुटुंबंही त्या मुलखात आहेत. तंजावरच्या राजा-राणीच्या बाहुल्यांचा तळ जड मातीचा आणि वाटीसारखा गोल, वरचं अंग हलकं. कितीही ढकला, डोलत डोलत परत उभ्या. नवरात्रात तमिळ घरांत मांडल्या जाणाऱ्या गोलूमध्ये त्यांना मानाची जागा असते. तंजावर बाहुलीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

या बाहुल्या का पडत नाहीत, याचं नेहमीचं उत्तर ‘तळाशी जड असतात म्हणून’ असं दिलं जातं. ते अपुरं आहे. तळाशी जड असलेला चौकोनी डबाही आडवा केला की आडवाच पडून राहतो. खरा निर्णय होतो दोन बिंदूंमधल्या अंतरावर. एक बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य, जिथे सगळं वजन एकवटलंय असं धरता येतं. दुसरा म्हणजे तळाच्या गोलाईचा केंद्रबिंदू. समजा, तळ ४ सेंटीमीटर त्रिज्येच्या गोलाचा भाग आहे. मग गोलाईचा केंद्रबिंदू जमिनीपासून ४ सेंटीमीटर उंचीवर. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल, तर बाहुली कलंडताना तो वर उचलला जातो आणि परत खाली येण्याच्या ओढीने तिला सरळ करतो. तो वर असेल, तर कलंडताना आणखी खाली जातो आणि बाहुली पडते. दोन्ही बिंदू एकाच जागी आले, तर बाहुलीला ना उभं राहायची ओढ ना पडायची, जिथे ठेवाल तिथे ती राहील. बीनमधला मोकळा छर्रा टोकाच्या गोलाईत नेमकी हीच तटस्थ भूमिका घेतो. कलंडल्याने त्याची उंची बदलत नाही, म्हणून तो कवचाला परत सरळही करत नाही आणि अडवतही नाही. आइझूची बाहुली आणि मेलबर्नचा बीन यांच्यात एवढ्याच काही मिलिमीटरांचं अंतर आहे.

फसवणूक न करता, म्हणजे आत वेगळं वजन न लपवता, सगळीकडे सारख्याच घनतेची आणि कुठेही खळगा नसलेली अशी वस्तू करता येईल का, जी फक्त आकाराच्या जोरावर कुठूनही सोडली तरी एकाच बाजूवर येऊन स्थिरावेल आणि जिचा डळमळीत तोलसुद्धा एकाच बिंदूवर साधेल? रशियन गणिती व्लादिमिर अर्नोल्ड यांनी १९९५ मध्ये अशी वस्तू असू शकेल असा अंदाज मांडला. हंगेरीच्या गाबोर दोमोकोश यांनी तो मनावर घेतला. निसर्गात तयार सापडते का पाहावं म्हणून ऱ्होड्स बेटाच्या किनाऱ्यावर पत्नीसह त्यांनी सुमारे २,००० गोटे तपासले. एकही तसा निघाला नाही. शेवटी पीटर व्हारकोनी यांच्यासोबत त्यांनी तो आकार गणिताने शोधला आणि २००६ मध्ये प्रत्यक्ष बनवला. त्याचं नाव ‘गॉम्बॉक’. घडवताना केसाच्या जाडीपेक्षाही कमी चूक झाली तरी त्याचा गुण जातो. समुद्र गोट्यांना झिजवून असा आकार का देत नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

गोट्यांत न सापडलेला आकार त्यांना दुसरीकडे सापडला आणि तो आपल्या देशात. उलटं पडलेलं कासव हे शिकाऱ्याच्या हाती आयतं लागतं. दोमोकोश आणि व्हारकोनी यांनी कासवांच्या पाठी मोजल्या, तेव्हा उंच घुमटाच्या भारतीय ‘स्टार’ कासवाची पाठ गॉम्बॉकच्या फार जवळ जाते असं दिसलं. त्याला सरळ व्हायला लांब मानेची किंवा पायांच्या ताकदीची फारशी गरज पडत नाही. बरंचसं काम पाठीचा आकारच करतो. पाळण्यासाठी चोरून विकल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये हे कासव वर्षानुवर्षं अग्रभागी आहे. लाखो वर्षांत घडलेली ही पाठ पिशवीत कोंबून विमानाने पाठवली जावी, यासारखी खंत नाही. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आले, ते योग्यच झालं.

दोमोकोश त्यानंतरही थांबले नाहीत. चार त्रिकोणी बाजूंचा ठोकळा नेहमी एकाच बाजूवर येऊन बसेल असा करता येईल का, हा प्रश्न इंग्लिश गणिती जॉन कॉनवे यांच्या काळापासून पडून होता. सारख्या घनतेचा ठोकळा तसं करू शकत नाही, हे आधीच सिद्ध झालं होतं. २०२५ मध्ये दोमोकोश, त्यांचे विद्यार्थी गेर्गो अल्मादी आणि कॅनडाचे रॉबर्ट डॉसन यांनी वेगवेगळ्या घनतेचे भाग जोडून असा ठोकळा बनवून दाखवला. कार्बन तंतूच्या बारीक नळ्यांचा हलका सांगाडा आणि एका बाजूला टंगस्टन कार्बाइडचं जड वजन. तत्त्व बीनचंच, हलकं कवच आणि जड गाभा. चंद्रावर उतरणारी याने कलंडतात, तेव्हा त्यांना सरळ करायला अशा रचनेचा उपयोग होईल का, यावर आता विचार सुरू आहे.

एवढ्या मोठ्या गणिताची सुरुवात मात्र घरात करता येते, तीही फुकटात. अरविंद गुप्ता यांनी कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेऊन आयुष्य टाकाऊ वस्तूंची खेळणी करण्यात घालवलं. पुण्यात ‘आयुका’च्या आवारातल्या, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हाताने केलेलं खेळणं मोडून बघता येतं आणि मोडल्यावर कळतं, हा त्यांच्या कामाचा गाभा. कोलांटीबाज बीन त्या परंपरेत चपखल बसतो.

लागते ती एक काचेची गोटी, १६ मिलिमीटरची, आणि पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद. कागदाची १० सेंटीमीटर लांब, साडेपाच सेंटीमीटर रुंद पट्टी कापावी. गोटीपेक्षा किंचित जाड अशा मार्कर पेनाभोवती ती गुंडाळून नळी करावी. पेन काढून एक टोक हलक्या हाताने दुमडावं, आत गोटी सोडावी, दुसरं टोकही दुमडावं. आता ही ओबडधोबड पुडी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून मिनिटभर जोरात हलवायची. गोटी आतून टोकांवर ठोके देते आणि दोन्ही टोकं आपोआप अर्धगोल घडतात. जे टोक पेनाने किंवा बोटाने कधी नीट गोल झालं नसतं, ते गोटी स्वतःच्या मापाने घडवते. या बीनची गोटी सुमारे साडेपाच ग्रॅमची आणि कागद पाव ग्रॅमसुद्धा भरत नाही. वजनाची तफावत विकतच्या बीनपेक्षाही मोठी, त्यामुळे हा घरचा बीन फार चपळ पलट्या मारतो.

घरात रांगतं बाळ असेल तर मात्र हा खेळ टेबलावरच ठेवावा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळणी तपासताना सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची एक छोटी नळी वापरतात. त्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती मुलाच्या घशात अडकू शकते, असं मानलं जातं. बीन आणि गोटी, दोन्ही त्यात सहज मावतात.

मोठ्या मुलांनी मात्र करून पाहावं असं यात पुष्कळ आहे. काचेच्या गोटीऐवजी तेवढाच पोलादी छर्रा घातला, तर ठेका बदलतो का? नळी लांब केली तर? मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये टिपल्यावर शेपटी उचलली जायच्या आधी ‘टक’ झालेलं असतं की नंतर? आणि पलट्यांची संख्या आधी कागदावर काढून मग ताडून बघावी. डब्यातून निघालेला बीन ३८ मिलिमीटर लांब आणि १८ मिलिमीटर जाड असेल, तर सरळ भाग २० मिलिमीटर आणि टोकावरचं गडगडणं २८, मिळून एका पलटीला ४८ मिलिमीटर. अर्ध्या मीटरच्या पाटावर साधारण दहा पलट्या व्हायला हव्यात. प्रत्यक्षात कमी भरल्या, तर बीन मध्येच कुठेतरी घसरला असं समजावं आणि पाटावर पंचा अंथरून पुन्हा सोडावा.